ना धड बुकवर्म, ना धड ट्रिक्सी: डेबियन अपग्रेड करताना आवृत्त्यांची खिचडी कशी टाळावी

डेबियन ही लिनक्सवर उभी असलेली ऑपरेटिंग सिस्टिम. तिचं डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलं. त्याच्या आधीचं डेबियन १२, बुकवर्म, १० जून २०२३चं. मधल्या दोन वर्षांत जीलिबसी (जवळजवळ सगळी प्रोग्रॅम वापरतात तो सामाईक कोड, म्हणजे लायब्ररी) २.३६ वरून २.४१ वर गेलं, पायथन ३.११ वरून ३.१३ वर, कर्नल ६.१ वरून ६.१२ वर आणि पोस्टग्रेस डेटाबेस १५ वरून १७ वर. अख्खी सिस्टिम बुकवर्मवर ठेवली तर ती नीट चालते, अख्खी ट्रिक्सीवर नेली तरी नीट चालते. घोळ होतो तो अधेमधे अडकल्यावर. डेबियनच्या विकीवर अशा मशीनला ‘फ्रँकन-डेबियन’ म्हटलं आहे.

घाई करायचं कारण नाही. बुकवर्मचा दीर्घकालीन आधार ३० जून २०२८ पर्यंत आहे. तेव्हा हे काम कामाच्या दिवशी, दोन मीटिंगांच्या मध्ये उरकू नका.

इथल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत टाइप करायच्या. सिस्टिम बदलणाऱ्या प्रत्येक आज्ञेच्या आधी ‘सुडो’ लागेल.

खिचडी होते कुठे

नवशिक्याचा नेहमीचा रस्ता असा: एखादं ॲप नव्या आवृत्तीत हवं असतं. कुणीतरी सांगतं, सोर्सेसच्या फाइलीत (सॉफ्टवेअर कुठून आणायचं त्याची यादी) ट्रिक्सीची एक ओळ टाक आणि इन्स्टॉल कर. ॲप बसतं, ओळ तशीच राहते. ॲप्टच्या, म्हणजे पॅकेजेस (सॉफ्टवेअरची गठडी) आणून बसवणाऱ्या साधनाच्या, लेखी बुकवर्म आणि ट्रिक्सी दोघांची प्रायॉरिटी ५००च, आणि प्रायॉरिटी सारखी असली की वरचा आवृत्ती-क्रमांक जिंकतो. आठवड्याने सवयीने ‘ॲप्ट अपग्रेड’ दिलं की शेकडो पॅकेजेस ट्रिक्सीची होतात आणि ज्यांच्यासाठी काहीतरी काढावं लागलं असतं ती बुकवर्मचीच राहतात. म्हणजे अपग्रेड झालं, पण अर्धंच, आणि तेही न विचारता.

दुसरा रस्ता ‘स्टेबल’ या शब्दाचा. सोर्सेसमध्ये ‘बुकवर्म’ऐवजी ‘स्टेबल’ लिहिलेलं असेल तर ९ ऑगस्ट २०२५ रोजी त्या शब्दाचा अर्थच बदलला. अशा वेळी ॲप्ट सांगतं की रेपोचं (सॉफ्टवेअरच्या भांडाराचं) कोडनेम बदललं आहे, मान्य आहे का? बहुतेक जण न वाचता वाय दाबतात. सोर्सेसमध्ये नेहमी कोडनेमच, म्हणजे ‘बुकवर्म’ किंवा ‘ट्रिक्सी’, लिहा.

तिसरा रस्ता अर्धवट बदललेल्या ओळींचा: मुख्य ओळ ट्रिक्सीची, सुरक्षेची अजून बुकवर्मची, आणि डॉकर किंवा पोस्टग्रेसचा बाहेरचा रेपो वेगळ्याच फाइलीत विसरलेला. आणि उबुंटूचं पीपीए (बाहेरच्यांनी चालवलेला छोटा रेपो) डेबियनवर लावणं हा तर सरळ आगीशी खेळ. दोघांची फाइल डेब असली तरी ती पॅकेजेस वेगवेगळ्या लायब्रऱ्यांवर बांधलेली असतात.

नेमकं मोडतं काय

ट्रिक्सीतलं एखादं छोटं प्रोग्रॅम नुसतं उचलून बुकवर्मवर ठेवा. चालवल्यावर बहुधा हा संदेश दिसेल: ‘जीएलआयबीसी_२.३८ नॉट फाउंड’. प्रोग्रॅम साधंच असतं, त्याला नवीन काहीच नको असतं. मग २.३८ कशाला मागतं? कारण मजकुरातून आकडा वाचणाऱ्या ‘स्ट्रटोल’सारख्या फंक्शनना २.३८ पासून सी२३ मानकाची नवी रूपं मिळाली. नव्या हेडरवर कंपाइल केलेलं प्रोग्रॅम आपोआप त्या नव्या रूपाची मागणी करतं. बुकवर्मच्या २.३६ मध्ये ते रूप नाही.

हेच पॅकेज ॲप्टने बसवलं तर संदेश येत नाही, कारण ॲप्ट ट्रिक्सीचं ‘लिबसी६’ही बरोबर आणतं. जुनी प्रोग्रॅम नव्या जीलिबसीवर बहुधा चालतात, त्यामुळे लगेच काही बिघडल्यासारखं वाटत नाही. पण साखळी तिथे थांबत नाही. ‘लिबसी६-डेव्ह’ला ‘लिबसी६’ची तंतोतंत तीच आवृत्ती लागते, म्हणून कंपायलरची साधनं ओढली जातात. वाइन किंवा स्टीमसाठी ३२-बिट लायब्रऱ्या घेतल्या असतील तर दोन्ही आर्किटेक्चरच्या लायब्रऱ्या एकाच आवृत्तीच्या असाव्या लागतात. एक पुढे गेली की दुसरीलाही जावं लागतं, नाहीतर निघावं लागतं. आणि परतीची वाट नाही: डेबियनमध्ये पॅकेज खालच्या आवृत्तीवर नेण्याला आधारच नाही.

पायथनमध्ये हे अधिक लवकर दिसतं. सी भाषेतला भाग असलेली पायथन मॉड्यूल ठराविक पायथनसाठीच बांधतात. बुकवर्मच्या नमपाय या मॉड्यूलला ३.११ लागतं आणि ३.१२च्या खालीच चालतं. ट्रिक्सीतून एखादं असं मॉड्यूल आणलं की ‘पायथन३’ ३.१३ वर जातं आणि बुकवर्मची तशी बाकी सगळी मॉड्यूल काढून टाकायच्या यादीत येतात. ‘सुडो पिप’ने (पिप म्हणजे पायथनचा स्वतःचा इन्स्टॉलर) बसवलेलं तर ॲप्टला माहीतच नसतं. ते ३.११च्या नावाच्या फोल्डरात पडून राहतं आणि ३.१३ त्या फोल्डरात बघतसुद्धा नाही.

ट्रिक्सीची स्वतःची एक भानगड आहे, ‘टी६४’. ३२-बिट वेळमोजणी १९ जानेवारी २०३८ ला संपते, म्हणून डेबियनने वेळेचा आकडा ६४-बिट केला आणि त्यासाठी पुष्कळ लायब्रऱ्यांची नावं बदलली. ‘लिबएसएसएल३’चं ‘लिबएसएसएल३टी६४’ झालं. नेहमीच्या एएमडी६४, म्हणजे ६४-बिट पीसी, मशीनवर नवं पॅकेज जुन्या नावानेही ओळख देतं, म्हणून बाहेरची जुनी पॅकेजेस बहुधा निभावतात. ३२-बिट आर्मवर मात्र लायब्ररीचा आतला करारच बदलला आहे, तिथे जुनं-नवं एकत्र चालणार नाही. अपग्रेडच्या वेळी ‘काढली जाणार’ यादीत टी६४ नसलेली लायब्ररी आणि ‘नवीन बसणार’ यादीत तिचीच टी६४ बहीण दिसली तर घाबरू नका, ते तसंच व्हायला हवं.

आवृत्तीचा क्रमांक वाचायला शिका

समजा क्रमांक आहे ‘१:९.२पी१-२+डेब१२यू७’. ‘:’ या चिन्हाच्या आधीचा १ म्हणजे ईपॉक. तो सगळ्यांत वरचढ. ईपॉक मोठा असला की पुढचे आकडे कितीही लहान असोत, तेच पॅकेज नवं मानलं जातं. ‘डेब१२यू७’ म्हणजे डेबियन १२ साठीची सातवी दुरुस्ती. बॅकपोर्टच्या (पुढच्या रिलीझमधून घेऊन जुन्यासाठी पुन्हा बांधलेल्या) पॅकेजात ‘~बीपीओ१२+१’ असतं. ती नागमोडी रेघ फार कामाची: ती असलेला क्रमांक, ती नसलेल्याच्या खाली धरला जातो. म्हणून बॅकपोर्ट ट्रिक्सीत गेल्यावर आपोआप खऱ्या पॅकेजला जागा देतं. बाहेरच्या रेपोंत अशी शिस्त असेलच असं नाही. डेबियनच्या एफएफएमपेग या व्हिडिओ-साधनाचा ईपॉक ७ आहे. बाहेरच्या कुणी १० लावला तर ते पॅकेज अपग्रेडनंतरही जागचं हलणार नाही, आणि त्याच्या लायब्रऱ्याही चिकटून राहतील.

अपग्रेडच्या आधी

सुरुवात ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’ने करा (डीपीकेजी म्हणजे ॲप्टच्या खालचं, पॅकेज प्रत्यक्ष बसवणारं साधन). उत्तर ‘आय३८६’ (३२-बिट पीसी) आलं तर इथेच थांबा: ट्रिक्सीत त्यासाठी कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. डेबियन ११ वर असाल तर थेट १३ वर उडी मारता येत नाही. आधी १२, मग १३.

मग बुकवर्म पूर्ण ताजं करा: ‘ॲप्ट अपडेट’, ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’, रीबूट. ‘कॅट /ईटीसी/डेबियन_व्हर्जन’ने १२.१२ किंवा पुढचा आकडा आला पाहिजे. दूरच्या सर्व्हरवर काम करणाऱ्यांनी ही पायरी अजिबात गाळू नये: बुकवर्मच्या ओपनएसएसएचमध्ये असा दोष होता, की अपग्रेड सुरू असताना जोडणी तुटली तर पुन्हा आत शिरताच येत नसे. १२.१२ मध्ये तो दुरुस्त झाला.

आता घरातली परकी मंडळी शोधा. ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ रोखून धरलेली पॅकेजेस दाखवतं. रोखलेलं एक पॅकेज अख्खी साखळी अडवू शकतं, ते ‘ॲप्ट-मार्क अनहोल्ड’ने मोकळं करा. ‘डीपीकेजी --ऑडिट’ अर्धवट बसलेली पॅकेजेस सांगतं. तिथे काहीही छापून येता कामा नये. ‘ॲप्ट-फोर्कट्रेसर’ हे छोटं साधन बसवून चालवलं की डेबियनबाहेरून आलेल्या पॅकेजांची यादी मिळते. त्यातल्या प्रत्येकाबद्दल आताच ठरवा: काढायचं, की त्याच्या बनवणाऱ्याने ट्रिक्सीसाठी रेपो दिला आहे का ते बघायचं. शेवटी ‘/ईटीसी/ॲप्ट/प्रेफरन्सेस’ आणि ‘प्रेफरन्सेस.डी’मध्ये कधीकाळी लावलेलं पिनिंग (हाताने ठरवलेली प्रायॉरिटी) राहिलं आहे का ते पाहा.

‘/युएसआर/लोकल/लिब’ फोल्डर उघडून बघायचं बहुतेकांना सुचत नाही. ‘मेक इन्स्टॉल’ने टाकलेल्या लायब्रऱ्या तिथे बसतात, आणि डेबियनचा लोडर सिस्टिमच्या लायब्ररीआधी तिथे बघतो. तीन वर्षांपूर्वी हाताने बांधलेलं लिबकर्ल तिथे असेल तर ट्रिक्सीचं नवं लिबकर्ल बसूनही प्रोग्रॅम जुनंच उचलेल. शंका आली तर ‘एलडीडी’ आणि पुढे प्रोग्रॅमचा मार्ग द्या. कोणती लायब्ररी कुठून येते ते ओळीओळीने दिसतं.

बॅकअपमध्ये स्वतःच्या फाइलींबरोबर ‘/ईटीसी’, ‘/व्हार/लिब/डीपीकेजी’, ‘/व्हार/लिब/ॲप्ट/एक्सटेंडेड_स्टेट्स’ आणि ‘डीपीकेजी --गेट-सिलेक्शन्स’चं उत्तर ठेवा. डेटाबेस असेल तर त्याचा डंप (सगळा डेटा उतरवलेली फाइल) वेगळा घ्या. मारियाडीबी असेल तर अपग्रेडआधी ते नीट बंद झालं आहे याची खात्री करा. मध्येच पडलेल्या स्थितीतून नव्या मोठ्या आवृत्तीवर जाणं त्याला झेपत नाही.

जागा ‘डीएफ -एच’ने बघा. ‘/बूट’ वेगळं पार्टिशन असेल तर त्यात ३०० एमबी तरी मोकळे हवेत. तिथे जागा संपली की नवा कर्नल अर्धाच बसतो, आणि हीसुद्धा खिचडीच. जुने कर्नल ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ने काढा.

ओळी बदलणं

सोर्सेसची फाइल हाताने उघडा आणि तिन्ही ओळी बदला: ‘बुकवर्म’चं ‘ट्रिक्सी’, ‘बुकवर्म-सिक्युरिटी’चं ‘ट्रिक्सी-सिक्युरिटी’, ‘बुकवर्म-अपडेट्स’चं ‘ट्रिक्सी-अपडेट्स’. बॅकपोर्ट्सची ओळ असेल तर तिच्यापुढे # लावून बंद करा. ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा शब्द असेल तर तो राहू द्या. लॅपटॉपच्या वाय-फायचं फर्मवेअर बहुधा तिथूनच येतं. ‘सोर्सेस.लिस्ट.डी’ फोल्डरमधले बाहेरचे रेपो सगळे तात्पुरते बंद करा. ‘सेड’ या आज्ञेने एका फटक्यात शब्द बदलायचा सल्ला सर्रास दिला जातो; तो टाळा. त्यात परक्या रेपोचेही शब्द बदलतात आणि तिकडे ट्रिक्सीचा फोल्डर आहे की नाही हे कळत नाही.

‘ॲप्ट अपडेट’ द्या. छापून आलेल्या ओळींत ‘बुकवर्म’ हा शब्द एकदाही दिसला तर पुढे जाऊ नका, ती ओळ कुठल्या फाइलीत आहे ते शोधा.

प्रत्यक्ष अपग्रेड

लॅपटॉप चार्जरला लावा, डेस्कटॉपला यूपीएस असलेला बरा. नेट बेभरवशाचं असेल, किंवा मोबाइल हॉटस्पॉटवर असाल, तर ‘ॲप्ट फुल-अपग्रेड --डाउनलोड-ओन्ली’ने आधी सगळं उतरवून घ्या. मग बसवताना नेट गेलं तरी अडत नाही. सर्व्हरवर असाल तर टीमक्स किंवा स्क्रीनच्या (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारी साधनं) आतच काम करा. डेस्कटॉपवर ग्राफिकल सेशनमधल्या टर्मिनलऐवजी कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून साध्या कन्सोलवर जा, म्हणजे मध्येच डेस्कटॉप कोसळला तरी अपग्रेड त्याच्याबरोबर मरत नाही.

काम दोन टप्प्यांत. पहिला:

ॲप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीएस

यात काही काढलं जात नाही आणि नवं काही बसत नाही. जे सहज पुढे जाऊ शकतं तेवढंच जातं. हा टप्पा संपतो तेव्हा सिस्टिम मुद्दाम खिचडीच्या अवस्थेत असते. इथे थांबून जेवायला जाऊ नका. दुसरा:

ॲप्ट फुल-अपग्रेड

आता वाय दाबण्याआधी ‘रिमूव्ह’ होणाऱ्यांची यादी शब्दन् शब्द वाचा. जुन्या लायब्रऱ्या, पायथन ३.११ची पॅकेजेस, टी६४ नसलेली नावं हे सगळं अपेक्षित. पण त्यात डेस्कटॉपचं मुख्य पॅकेज, ‘नेटवर्क-मॅनेजर’, ‘ओपनएसएसएच-सर्व्हर’ किंवा ‘सुडो’ दिसलं, तर एन दाबा. बहुतेक वेळा एखादं परकं पॅकेज जुनी लायब्ररी घट्ट धरून बसलेलं असतं आणि ते काढलं की यादी शहाण्यासारखी होते. अत्यावश्यक पॅकेज काढावं लागेल असं ॲप्ट म्हणालं तर त्याला जबरदस्तीने भाग पाडू नका.

मध्ये डीपीकेजी विचारेल: ही सेटिंगची फाइल तुम्ही बदललेली आहे, नवी ठेवू की जुनी? नुसतं एंटर म्हणजे जुनी राहते. डी दाबून फरक बघा. एसएसएचची फाइल सहसा जुनीच ठेवावी. कधी हातही न लावलेली फाइल असेल तर नवी घ्यावी. सगळीकडे डोळे मिटून एंटर मारलं तर प्रोग्रॅम नवं आणि सेटिंग जुनी अशी वेगळी खिचडी होते. नंतर ‘/ईटीसी’त ‘.डीपीकेजी-डिस्ट’ आणि ‘.डीपीकेजी-ओल्ड’ शेपटीच्या फाइली शोधून त्या निस्तरा.

लाईट गेली, मशीन बंद पडलं, तरी हताश होऊ नका. कन्सोलवर लॉग इन करून आधी ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘ॲप्ट -एफ इन्स्टॉल’, मग पुन्हा ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’. क्रम हाच. बहुतेक वेळा गाडी जिथे थांबली तिथून पुढे निघते.

डिस्क कूटबद्ध असेल तर रीबूटआधी ‘सिस्टिमडी-क्रिप्टसेटअप’ हे पॅकेज बसलं आहे का ते तपासा. ट्रिक्सीत ते वेगळं झालं आहे. नेहमीच्या मांडणीत ते आपसूक येतं, पण शिफारस केलेली पॅकेजेस न बसवण्याची सेटिंग केलेल्यांकडे ते राहून जातं.

रीबूटनंतर अवशेष शोधणं

‘युनेम -आर’ने ६.१२ चा कर्नल दिसायला हवा. मग ‘ॲप्ट लिस्ट ?ऑब्सोलीट’ द्या, प्रश्नचिन्हासकट भाग अवतरणात घालून. बसलेली पण आता कुठल्याच रेपोत नसलेली पॅकेजेस इथे दिसतात. शिवाय ‘डीपीकेजी -एल’च्या यादीत ‘डेब१२’ शोधा. काही पॅकेजेस रीतसर तशीच राहतात, पण प्रत्येकासाठी ‘ॲप्ट पॉलिसी’ देऊन बघा. बसलेल्या आवृत्तीपुढे फक्त ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस’ एवढंच लिहिलं असेल तर ते पॅकेज अनाथ आहे.

अनाथ दिसलं की लगेच काढू नका, आणि हे मुख्यतः पोस्टग्रेसवाल्यांसाठी. ‘पोस्टग्रेसक्यूएल-१५’ या यादीत येणारच, कारण ट्रिक्सीत फक्त १७ आहे. पण तुमचा डेटा अजून १५च्या क्लस्टरमध्येच (पोस्टग्रेसच्या एका आवृत्तीचा डेटासंच) असतो. अपग्रेडने १७चा एक रिकामा क्लस्टर बहुधा आपोआप उभा केलेला असतो. ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ने खात्री करून तो रिकामा १७ ‘पीजी_ड्रॉपक्लस्टर १७ मेन --स्टॉप’ने काढा, मग ‘पीजी_अपग्रेडक्लस्टर १५ मेन’ द्या. ड्रॉपक्लस्टरच्या आज्ञेत १७च्या जागी चुकून १५ टाइप झालं तर डेटा गेला. १५चं पॅकेज काही दिवस सगळं तपासूनच काढा.

पायथनची व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) दुरुस्त करत बसू नका. रिक्वायरमेंट्सची फाइल हाताशी ठेवून नवी बनवा. बाहेरचे रेपो एकेक करून, ट्रिक्सीचं नाव घालून सुरू करा आणि प्रत्येकानंतर ‘ॲप्ट -एस अपग्रेड’ने नुसती रंगीत तालीम घ्या.

एखादंच नवं पॅकेज हवं असेल तर

पहिली पसंती बॅकपोर्ट्सना. ते पुढच्या रिलीझमधलं पॅकेज असतं, पण तुमच्याच रिलीझच्या लायब्रऱ्यांवर पुन्हा बांधलेलं. त्याची प्रायॉरिटी १०० असल्याने ते आपणहून घुसत नाही. ‘ॲप्ट इन्स्टॉल -टी ट्रिक्सी-बॅकपोर्ट्स’ असं मागितलं तरच येतं. डेस्कटॉप ॲपसाठी फ्लॅटपॅक, सर्व्हरच्या गोष्टींसाठी कंटेनर, पायथनसाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. यांच्या लायब्रऱ्या वेगळ्या चुलीवर शिजतात, म्हणून जागा जास्त खातात. ती किंमत परवडते.

पिनिंगचे आकडे मात्र माहीत असावेत: साधा रेपो ५००, ‘-टी’ने निवडलेली रिलीझ ९९०, बसलेलं पॅकेज १००. १०००च्या वरचा आकडा दिला की ॲप्ट खालच्या आवृत्तीवरसुद्धा नेतं, आणि शून्याच्या खालचा आकडा म्हणजे कधीच बसवू नको. पिनिंग ॲप्टची निवड बदलतं, लायब्ररीची गरज बदलत नाही. ट्रिक्सीचं पॅकेज कितीही जपून पिन केलं तरी त्याला नवं जीलिबसी लागायचं ते लागतंच.

आधीच खिचडी झाली असेल तर

दिशा पुढची ठेवा. बुकवर्मवर ट्रिक्सीची पाच-पन्नास पॅकेजेस आली असतील तर १००१ पिन लावून त्यांना मागे ओढण्यापेक्षा वर सांगितलेलं अपग्रेड पूर्ण करणं सोपं आणि सुरक्षित. मागे नेताना पॅकेजच्या स्क्रिप्ट उलट्या चालत नाहीत. नव्या रूपात बदललेली सेटिंग आणि डेटाबेस तसेच राहतात. फक्त एखाद-दुसरं टोकाचं पॅकेज असेल, ज्यावर दुसरं काही अवलंबून नाही, तर ते काढून बुकवर्ममधून पुन्हा बसवता येतं.

सिडचे तुकडे, म्हणजे अनस्टेबलमधली पॅकेजेस, घुसली असतील आणि त्यात जीलिबसी किंवा पायथन असेल, तर दोन दिवस झुंजण्यापेक्षा नव्याने इन्स्टॉल करा. ‘/होम’ दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. परत टाकताना कागदपत्रं, फोटो, प्रोजेक्ट सगळं आणा, पण ‘.कॉन्फिग’ फोल्डर आख्खाच्या आख्खा आणू नका. ट्रिक्सीच्या केडीई प्लाझ्मा ६ ने लिहिलेली सेटिंग बुकवर्मच्या ५.२७ ला पेलतीलच असं नाही, आणि नव्या फायरफॉक्सने उघडलेलं प्रोफाइल जुनं फायरफॉक्स स्वीकारतच नाही. एकच वापरकर्ता असेल तर इन्स्टॉल करताना पहिलं खातं आधीच्याच नावाने उघडा. त्याला युआयडी (वापरकर्ता क्रमांक) १००० मिळतो आणि फाइलींची मालकी न बदलता जुळते.